आमच्या संगणकाचा अकरावा

आमच्या घरात कुणीही कशालाही सहजासहजी पात्र ठरत नाही. मी पदोन्नतीला ठरलो नाही, आईचं नाव एका योजनेच्या यादीत येऊन पुढच्या यादीतून गळालं, आणि आमच्या घराचं छत कोणत्याच अनुदानाच्या व्याख्येत बसलं नाही. त्यामुळे डिसेंबरातल्या एका सकाळी कॉम्प्युटरच्या पडद्यावर ‘तुमचं मशीन विंडोज अकरासाठी पात्र आहे’ अशा अर्थाची इंग्रजी पाटी झळकली, तेव्हा मला क्षणभर भरून आलं. लॉकडाऊनात लेकीच्या ऑनलाइन शाळेसाठी घेतलेलं ते मशीन. आमची लेक, संस्कृती, पुढच्या शिक्षणासाठी लातूरला गेली, मशीन मागे राहिलं, आणि कुणाच्या ध्यानीमनी नसताना त्यानं पात्रता मिळवली.

आनंद दुसऱ्या ओळीपर्यंत टिकला. विंडोज दहाची मुदत संपलेली आहे, यापुढे सुरक्षेची हमी नाही, तरी आपण अकरावर जावं, असं तिथे लिहिलेलं. खाली दोन बटणं.

मी माजलगावात पाटबंधारे खात्यात कारकून आहे. समोर दोन पर्याय आले की काय करायचं हे मला कुणी शिकवायला नको. विषय प्रलंबित ठेवायचा. मी कोपऱ्यातल्या फुलीवर टिचकी मारून पाटी घालवली. दुसऱ्या दिवशी ती परत आली. आमच्या कचेरीतून पाठवलेली फाईलसुद्धा इतक्या लवकर परत येत नाही.

मग मी सुरेखाला सांगितलं. सुरेखा माझी बायको. इथल्याच एका कॉलेजात मराठी शिकवते आणि कित्येक वर्षांपासून पीएच.डी. करतेय. विषय, ऊसतोडीला जाणाऱ्या बायकांची गाणी. त्यासाठी ती थंडीच्या दिवसांत साखर कारखान्यांच्या तळांवर हिंडली, उसाच्या फडात उभी राहिली, पाचटाच्या कोप्यांमध्ये, त्यांच्या झोपड्यांमध्ये बसली, आणि बायका हातातला कोयता चालवत गात असताना त्यांच्यापुढे मोबाईल धरत राहिली. आता प्रबंध लिहून झाला होता आणि येत्या शुक्रवारी जमा करायचा होता. मुदतवाढ घेऊन झाली होती. आणखी मिळणार नाही, असं तिच्या मार्गदर्शक सरांनी स्वच्छ सांगितलं होतं.

“शुक्रवारपर्यंत त्या मशीनला हात लावायचा नाही,” ती म्हणाली. “नंतर अकरा करा, बारा करा, काय हवं ते करा.”

खरं म्हणजे विषय इथेच संपला होता. पण आमच्या शेजारी बबनराव राहतात.

बबनराव एसटीत वाहतूक नियंत्रक होते. निवृत्त होऊन बराच काळ झाला, तरी अजून कुठलीही गोष्ट ते गाडी फलाटावर लागल्यासारखी जाहीर करतात. त्यांनी आमची पाटी खिडकीतून पाहिली असावी. ओट्यावर येऊन त्यांनी मला बाहेर बोलावलं.

“तुमी अजून दहावरच का?”

“हो. शुक्रवारनंतर बघू म्हणतो.”

“शुक्रवार?” त्यांनी चष्मा काढला. “आवो, कालच मोबाईलवर आलंय. दहा म्हंजे आता बिनकुलपाचं घर. कुणी बी यावं, काय बी न्यावं.”

“आमच्या मशीनमधनं काय नेणार?”

“मॅडमचं पीएचडी न्हाई का?”

हा विचार माझ्या डोक्यात आला नव्हता. एकदा आला तो जाईना. ऊसतोड बायकांची गाणी चोरून कुणी परदेशी माणूस काय करेल, हे मला सांगता येत नव्हतं, पण म्हणून तो करणार नाही असंही नव्हतं.

पुढचे दोन दिवस मी ज्याला त्याला विचारत सुटलो. मेडिकलवाला म्हणाला, करू नका, माझं मशीन अकरा झाल्यापासून गोळीचं नाव लिहीपर्यंत गिऱ्हाईक बरं होऊन जातंय. आमच्या कचेरीतले मोठे बाबू म्हणाले, वरिष्ठांचं मार्गदर्शन मागवा. मी म्हटलं, मशीन घरचं आहे. ते म्हणाले, मग घरातल्या वरिष्ठांचं मागवा. दूधवाल्यानं फक्त ‘दहा’ आणि ‘अकरा’ एवढंच ऐकलं आणि कोणती शाखा घेतली म्हणून विचारलं. मी ‘अजून ठरत नाही’ म्हणालो. त्यानं सायन्स सुचवलं.

घरातल्या वरिष्ठ म्हणजे माझी आई, कौशल्याबाई. तिला कॉम्प्युटरमधलं काही कळत नाही, पण घरात काय चाललंय ते सगळं कळतं. सोमवारी ती अंगणात उभी राहून धारूरकडच्या खेड्यात राहणाऱ्या तिच्या बहिणीशी, छबुबाई मावशीशी, फोनवर बोलत होती. रेंज कमी, मावशीचे कान त्याहून कमी, त्यामुळे आई ओरडत होती.

“आगं, घरात लई ताण हाय! दहावा संपला! आता अकरावा घालायचा का न्हाई त्याच्यावरनं वाद चाललाय! उद्याच्याला घालणारा माणूस येणार हाय म्हणं!”

मी ते ऐकलं. व्याकरण जरा चुकतंय, एवढंच माझ्या मनात आलं.

घालणारा माणूस म्हणजे बंकट. बाजार रस्त्यावर त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. त्याला मी बोलावलं नव्हतं. बबनरावांनी परस्पर सांगून ठेवलं होतं, नुसतं बघून जा म्हणून.

मंगळवारी सुरेखा सरांची सही घ्यायला बीडला निघाली. निघताना पर्स खांद्याला अडकवत म्हणाली, “शेवटचं प्रकरण आजच दुरुस्त करून ठेवलंय. रेकॉर्डिंगही सगळी त्यातच आहेत. जुना पेनड्राइव्ह आईंच्या भजनांनी भरलाय, मी येताना नवा आणते आणि सगळं त्यात घेते. तोवर...”

“मी कशाला हात लावतोय?” मी जरा दुखावूनच म्हणालो.

दुपारी बबनराव बंकटला घेऊन आले. मी त्यांना दारातच सांगितलं, आज फक्त चर्चा. बंकटला ते पटलं. तो म्हणाला, “चर्चाच करू साहेब, पर मशीन चालू करून करू. बंद मशीनवर काय चर्चा करता?”

मशीन चालू केलं. पाटी हजर होती. यावेळी कोपऱ्यातली फुली मात्र कुठे दिसेना. आम्ही तिघं वाकून शोधू लागलो. दोन बटणांतलं ‘नको’चं कुठलं, यावर बबनराव आणि बंकटचं जुंपलं. इंग्रजी वाक्य असं फिरवून लिहिलेलं, की ‘हो’ म्हणजे दहावर राहायला हो की दहा सोडायला हो, ते कळेना. आमच्या कचेरीतलं परिपत्रकसुद्धा यापेक्षा सरळ असतं. बंकट म्हणाला, “थांबा, मला नीट वाचू द्या.” बबनराव म्हणाले, “त्यात काय वाचायचं? एंटर दाबलं की जातंय ते. आमच्या तिकिटाच्या मशीनला तसंच होतं.” आणि माझा हात धरून त्यांनी तो कीबोर्डकडे नेला.

नंतर चौकशी झाली तेव्हा मी हे वारंवार सांगितलं. बोट माझं होतं, पण जोर बबनरावांचा होता.

पाटी गेली. आम्ही समाधानानं एकमेकांकडे बघितलं. मग पडदा काळा झाला, मशीननं एक सुस्कारा टाकला आणि काळ्यावर एक गोल गिरकी घेऊ लागलं. खाली अक्षरं आली. बंकटनं ती वाचली आणि त्याचा चेहरा उतरला.

“आयला, डाउनलोड आतल्या आत आधीच होऊन बसलं होतं. हे तर सुरूच झालं.”

“थांबव!” मी ओरडलो.

“थांबवायचं न्हाई साहेब. ‘बंद करू नका’ म्हणून लिवलंय. आता मधीच बंद पडलं, तर आतलं काय ऱ्हाईल, काय न्हाई, मी बी सांगू शकत न्हाई.”

“गाडी स्टँडातनं निघाली,” बबनराव म्हणाले.

मी खुर्चीत बसलो. मला काही सुचत नव्हतं. डोळ्यांपुढे सुरेखा येत होती, पहाटे उठून, गुडघ्यावर वही ठेवून, कानाला इअरफोन लावून, एकाच ओळीवर पुन्हा पुन्हा मागे जाणारी. मशीनमधल्या रेकॉर्डिंगमध्ये गीताबाई नावाच्या एका म्हातारीची गाणी होती. साऱ्या प्रबंधाचा जीव तिच्यात होता, असं सुरेखा म्हणायची. ती गीताबाई मागच्या हंगामात वारली. मोबाईलमध्ये जागा उरली नव्हती म्हणून सुरेखानं तिचा आवाज या मशीनमध्ये उतरवून मोबाईल रिकामा केला होता. जगात तो आवाज आता फक्त माझ्यासमोरच्या या डब्यात होता, आणि डबा गिरक्या घेत होता.

टक्के हळूहळू वाढत होते. तिशीच्या पुढे गेले, तेव्हा मला जरा धीर आला. मी आईला चहा टाकायला सांगणार, तोच डोक्यावरचा पंखा थांबला.

लाईट गेली होती.

टेबलाखालचा यूपीएस ओरडायला लागला. टीं, टीं, टीं. पडदा अजून उजळलेला होता. मी बंकटकडे वळलो.

“हा किती दम धरेल?”

बंकटनं खाली वाकून यूपीएसवर हात ठेवला. “जुना हाय. दहा-बारा मिनिटं धरली तर लई झालं. तुमच्याकडं इन्व्हर्टर हाय का?”

“माझ्याकडं हाय!” बबनराव जाहीर करून धावले.

पुढच्या काही मिनिटांत आम्ही काय काय केलं, ते आठवलं की अजून घाम फुटतो. बबनरावांच्या घरातून विहिरीच्या मोटारीची लांब वायर निघाली. ती भिंतीवरून आमच्या अंगणात आली, पेरूच्या झाडाला वेढा घालून खिडकीशी पोचली, आणि टेबलापासून हातभर अंतरावर संपली. आईनं मिक्सरला लावायचा बोर्ड आणून दिला. बंकटनं यूपीएसची पिन भिंतीतून काढून त्या बोर्डात खुपसली. टीं टीं थांबलं. आम्ही तिघंही भिंतीला टेकलो.

“बॅटरीत पाणी कवा टाकलं होतं?” बंकटनं सहज विचारलं.

“कोणच्या?” बबनराव म्हणाले.

“इन्व्हर्टरच्या.”

“त्यात पाणी टाकायचं असतंय?”

बंकट शेजारी जाऊन बघून आला. येताना चालण्यातच कळत होतं. “पार सुकलीय. ही बी लई वेळ न्हाई टिकायची. मी दुकानातनं दुसरी बॅटरी आणतो. तवर मॉनिटर बंद करा. तेवढाच भार कमी.”

मी मॉनिटर बंद केला. तेव्हा लक्षात आलं नाही, पण त्याचा अर्थ असा होता, की आता किती टक्के झाले हे कुणालाच दिसणार नव्हतं. डब्यातला पंखा फिरतोय तोवर आशा, एवढंच. आईला बबनरावांच्या घरी इन्व्हर्टरपाशी उभं केलं, लाल दिवा लागला की ओरडायचं म्हणून. बंकट मोटारसायकलला लाथ मारून गेला आणि लगेच पायी परत आला. गल्लीच्या तोंडाला उसाच्या दोन दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर अडकला होता. त्याच्या मागे आणखी एक. मुंगी जायला वाट नव्हती. दुसऱ्या टोकानं बाजार रस्त्याला जायचं तर फार मोठा वळसा पडला असता.

“साकर कारखाना आपल्या मुळावर उठलाय,” बबनराव म्हणाले.

आणि त्याच वेळी गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडून रडण्याचा आवाज आला.

एक पिकअप आमच्या दारात थांबला. मागच्या हौद्यातून डोक्यावरून पदर घेतलेल्या बायका एकामागून एक उतरल्या. पुढे छबुबाई मावशी होती. चप्पल दारात टाकून, वायर ओलांडून, हंबरडा फोडत ती थेट माझ्या गळ्यात पडली. बायका भोवती बसल्या आणि पदर तोंडाला लावला. मी हक्काबक्का. कुणीतरी गेलं असणार आणि मला कळवायचं राहून गेलं असणार, असं वाटून मीही गप्प उभा राहिलो. रडणाऱ्या माणसाला ‘कोण गेलं’ विचारणं बरं दिसत नाही.

तिकडे मावशीचीही तीच अडचण होती, हे नंतर कळलं. फोनवर दहावा-अकरावा तिला ऐकू आला होता, पण कुणाचा ते आलं नव्हतं. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडता रडता घरात कोण कोण दिसतंय ते बघत होती. मी होतो. बबनराव होते.

“सूनबाई दिसंना,” ती हुंदका आवरून म्हणाली.

माझा सगळा जीव डब्यातल्या पंख्याच्या आवाजात. मी म्हणालो, “सकाळीच गेली.”

त्यानंतर जो आकांत झाला, तो पलीकडच्या घरापर्यंत गेला. तो ऐकून आई इन्व्हर्टर सोडून पळत आली. “काय झालं? कोण गेलं?” करत तिनं मावशीला मिठी मारली. दोघी बहिणी एकमेकींच्या गळ्यात पडून रडू लागल्या आणि दोघी एकमेकींना विचारू लागल्या, कोण गेलं?

“कुणी गेलं नाही!” मी शेवटी किंचाळलो. “सुरेखा बीडला गेलीय! कॉम्प्युटरचं दहा संपलंय, त्याला अकरा घालायचं चाललंय!”

बायकांनी पदर खाली घेतले. मावशीनं डोळे पुसून माझ्याकडे बघितलं.

“मग आमी कावून आलो रे इतक्या लांबनं?”

याचं उत्तर बंकटकडे होतं. तो दारातून पिकअपकडे टक लावून बघत होता. ड्रायव्हर हनुमान, मावशीचा पुतण्या, बिडी पेटवत होता.

“ए भाऊ, गाडीची बॅटरी बारा व्होल्टची हाय ना?”

“हाय. कावून?”

“बॉनेट उघड.”

बबनरावांचा इन्व्हर्टर चौघांनी उचलून फाटकाशी आणला. पिकअप वळवून त्याचं तोंड अगदी फाटकाला लावलं. बंकटनं सांगितलं ते मी अजून विसरलो नाही. “आता जुनी बॅटरी काढून गाडीची जोडायची. मधल्या वेळात मशीन फक्त यूपीएसवर. त्यात जीव किती ऱ्हायलाय मला ठावं न्हाई. कुणी वायरीला पाय लावू नका. कुणी बोलू नका.”

बायका जागच्या जागी थांबल्या. मी टेबलाखाली गुडघ्यावर बसलो. बाहेरून बंकटचा आवाज आला, “काढतोय!”

यूपीएस ओरडला. टीं. टीं. मग दोन आवाजांमधलं अंतर कमी झालं. टीं-टीं-टीं. मी देवाचं नाव घेतलं. मग ते वेगळे आवाज राहिलेच नाहीत, एकच लांब किंकाळी सुरू झाली. मला एवढं ठाऊक होतं, की ही किंकाळी थांबली की सगळं संपतं. बाहेर पान्हा पडल्याचा आवाज झाला. बंकटनं शिवी हासडली. हनुमान म्हणाला, “उलटं लावतोयस बे!” आणि किंकाळी थांबली.

मी डोळे मिटून घेतले.

मला डोळे उघडायचा धीर होईना. कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. मावशी माझ्या शेजारी येऊन बसली होती. तिनं आपला हात त्या डब्यावर ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा.

“गरम हाय आजून,” ती हळूच म्हणाली. “आतमधी घरघर चालू हाय.”

मी कान लावला. पंखा फिरत होता. बाहेर पिकअपचं इंजिन धडधडत होतं.

त्यानंतरचा वेळ आम्ही सगळे त्या डब्याभोवती बसून काढला. आईनं चहा केला. आलेल्या बायकांपैकी कुणी ‘कसं हाय आता?’ विचारायची, मावशी हात लावून ‘हाय तसंच’ म्हणायची. बबनराव कुठल्या आजारातून कोण कसं वाचलं ते सांगत होते. मला ते सगळं विचित्र वाटायला हवं होतं. पण तेव्हा त्याचा आधारच वाटला.

आणि सुरेखा आली.

तिला फाटकातून काय दिसलं असेल? दारात पिकअप, चपलांचा ढीग, घरात पदर घेतलेल्या बायका गोल करून बसलेल्या, मधे मी डोकं धरून. तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

“आई?” ती फाटकातूनच म्हणाली.

“मी हाय गं,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “चहा घेतीस का?”

तिनं दाराच्या चौकटीला धरलं. मग बायका बाजूला सरकल्या आणि तिला डबा दिसला, बोर्ड दिसला, झाडाला वेढा घातलेली वायर दिसली. ती माझ्याकडे बघत राहिली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“वहिनी, एक मिनिट,” बंकट घाईनं म्हणाला आणि त्यानं मॉनिटर चालू केला.

पडद्यावर निळसर उजेड पसरला. टक्के गेले होते. गोल गेलं होतं. एक नवं, शांत चित्र होतं आणि वर तिचं नाव. अकरा झालं होतं.

बायकांनी ‘झालं गं बाई’ म्हणून हात जोडले. बबनरावांनी माझ्या पाठीवर थाप मारली. सुरेखा कुणाकडे न बघता खुर्चीत बसली आणि तिनं शेवटचं प्रकरण उघडलं.

प्रकरण उघडलं. पण त्यात मराठी नव्हतं. सगळी पानं इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, चौकोन आणि आकडे यांनी खचाखच भरलेली. ती एकेक प्रकरण उघडत गेली. सगळीकडे तेच.

“जुन्या टायपिंगचा प्रोग्राम हाय तुमचा,” बंकट खाली मान घालून म्हणाला. “त्यो अकराला चालंना झालाय. मजकूर आतमधी असंल वहिनी. मागं दहावर जाता येतंय, थोडे दिवस तशी सोय देतेत. पर आज नको. लाईटीचा भरवसा न्हाई.”

“आता कुणी काहीही दाबायचं नाही,” सुरेखा म्हणाली. एवढंच.

मग तिनं रेकॉर्डिंगची जागा उघडली. तिनं एका नावावर टिचकी मारली. क्षणभर काही झालं नाही. मग वारा, पाचटाची सळसळ, लांब कुठे ट्रॅक्टर, आणि त्यावर एक जाडाभरडा म्हातारा आवाज.

*गाव मागं ऱ्हायलं, दारी कुलूप एकलं,*
*सांग सांग कुलपा, माज्या तुळशीला पाणी कुणी घातलं*

आवाज खोकला, हसला आणि मोबाईलमागच्या सुरेखाला म्हणाला, “पोरी, थंडी वाजत आसंल. ये, चुलीम्होरं बस.” तिथे रेकॉर्डिंग संपलं.

“ही कोण?” मावशीनं विचारलं.

“गीताबाई,” सुरेखा म्हणाली. “मागच्या हंगामात फडातच गेली. मला महिन्यानं कळलं. मी जाऊ शकले नाही. परीक्षा चालू होत्या.”

“कोण हुती तुजी?”

सुरेखाला रडू फुटलं. मला वाटलं, ती प्रबंधासाठी रडतेय, शुक्रवारसाठी रडतेय, माझ्यावर रडतेय. तसं नसावं. मावशी उठली, तिनं पदर पुन्हा डोक्यावरून घेतला आणि सुरेखाला खुर्चीतून खाली आपल्या मांडीशी ओढून घेतलं.

“रड बाई,” ती म्हणाली. “आमी त्याच्यासाठीच आलोत.”

आणि बाकीच्या बायकाही सरकून जवळ आल्या, जशा मयताच्या घरी येतात तशा. बबनराव बाहेर ओट्यावर गेले. त्यांच्यामागून मीही गेलो.

त्या रात्री सगळ्या आमच्याकडेच जेवल्या. मावशीनं भाकरी थापल्या. सुरेखा त्यांच्यात बसून गीताबाईबद्दल बोलत होती, ती कशी हसायची, मुकादमाला कशी तोंडावर नावं ठेवायची. मी वाढत होतो. मला कुणी काही विचारलं नाही, आणि मीही काही सुचवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सुरेखानं रजा टाकली. बंकट आला. बीडहून आणलेल्या पेनड्राइव्हवर तिनं आधी गीताबाईचा आवाज उतरवून घेतला, मग बाकी सगळं. मग दोघं दार लावून बसले. मी आणि बबनराव ओट्यावर. मधे एकदा मी दार वाजवून काही मदत हवी का विचारलं. आतून दोघांनी एकदम ‘नको’ म्हटलं, आणि यावेळी त्यातलं ‘नको’ कुठलं याबद्दल काही शंका नव्हती.

शुक्रवारी प्रबंध जमा झाला. छापील प्रत मी चाळून बघितली. सगळी अक्षरं मराठी होती. तो गीताबाईला अर्पण केलेला आहे. ऋणनिर्देशात छबुबाई मावशी आहे, बंकट आहे, पिकअपवाला हनुमानसुद्धा आहे. बबनरावांचे इन्व्हर्टरसाठी आभार मानलेत, आणि ते पान ते गल्लीत प्रत्येकाला वाचून दाखवतात. शेवटच्या ओळीत ‘माझ्या पतींनीही सहकार्य केले’ असं आहे. त्या ‘ही’वर मी बराच विचार केला.

मशीन अजून तिथेच आहे. सुरेखानं त्याला पासवर्ड घातलाय. परवा मेडिकलवाल्यानं मला विचारलं, मग शेवटी काय ठरलं तुमचं, दहा की अकरा? मी म्हटलं, विचारून सांगतो. अजून विचारलेलं नाही.